बोटांच्या ठशांपासून समभागांपर्यंत : दक्षिण आफ्रिकेतले तंत्रज्ञान आणि काळ्यांची मालकी

16 ऑगस्ट 1908 रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात हिंदी लोकांची मोठी सभा भरली होती. तिथे एका मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक नोंदणी दाखले टाकून त्यांवर रॉकेल ओतून ते जाळण्यात आले. आपल्याकडे शाळेत ही घटना गांधीजींच्या चरित्रातली म्हणून येते. त्याआधी 11 सप्टेंबर 1906 रोजी एम्पायर थिएटरात झालेल्या सभेत ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घेण्याचा आग्रह हाजी हबीब यांनी धरला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मुसलमान व्यापारी या लढ्याच्या पहिल्या रांगेत होते.

पण आज मला या घटनेकडे वेगळ्या कारणासाठी पाहायचे आहे. जाळलेल्या दाखल्यांवर माणसांच्या बोटांचे ठसे होते. ठशांवरून माणूस शोधून काढण्याची पद्धत तेव्हा अगदी नवी होती. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ती जगभर ओळखली जाते. प्रत्यक्षात ठशांच्या वर्गवारीचे गणित बसवण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्यांच्या दोन हिंदी सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली आणि 1900 मध्ये हेन्री यांना पोलीस व्यवस्था उभारण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत पाठवण्यात आले. म्हणजे एका बंगाली मुसलमानाच्या बुद्धीतून घडलेले तंत्र काही वर्षांतच जोहान्सबर्गच्या मुसलमान दुकानदाराच्या दहा बोटांपर्यंत पोहोचले.

दक्षिण आफ्रिकेतल्या तंत्रज्ञान उद्योगात आज काळ्यांच्या मालकीवरून जो वाद चालू आहे, तो समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. त्या देशात माहितीच्या तंत्राचे मोठे गिऱ्हाईक होते सरकार, आणि सरकारला ते तंत्र हवे होते माणसांची वर्णानुसार विभागणी करण्यासाठी.

यंत्रावर चालणारा वर्णभेद

1948 मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली. 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याचा वंश लिहिला जाऊ लागला. 1952 च्या कायद्याने आफ्रिकन माणसाला ठसे असलेले ओळखपुस्तक सतत जवळ बाळगणे बंधनकारक झाले. लोक त्याला तिरस्काराने 'डोमपास' म्हणत. हे पास बायकांवर लादण्याच्या विरोधात 9 ऑगस्ट 1956 रोजी सुमारे वीस हजार स्त्रियांनी प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंगवर मोर्चा नेला. 21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिलमध्ये पासविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि 69 माणसे मारली गेली.

कोट्यवधी लोकांच्या नोंदी हाताने सांभाळणे शक्य नव्हते. मग संगणक आले. आफ्रिकनांच्या पासची नोंद ब्रिटिश आयसीएल कंपनीच्या यंत्रांवर, तर गोरे, मिश्रवर्णीय आणि हिंदी यांची नोंद अमेरिकन आयबीएमच्या यंत्रांवर ठेवली जात होती. पासवरचे फोटो झटपट काढायला पोलरॉइडचे कॅमेरे होते. 1970 मध्ये पोलरॉइडच्याच दोन काळ्या कर्मचाऱ्यांना, कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स यांना, अमेरिकेतल्या कचेरीत दक्षिण आफ्रिकेसाठी बनवलेल्या ओळखपत्राचा नमुना दिसला. त्यांनी कंपनीविरुद्ध बहिष्काराची चळवळ उभी केली. विल्यम्स यांनी नोकरी सोडली, हंटर यांना काढून टाकण्यात आले. पण 1977 मध्ये पोलरॉइडला त्या देशातून बाहेर पडावे लागले. आयबीएमने 1986 मध्ये तिथला धंदा विकण्याची घोषणा केली.

या यंत्रांपुढे काळा माणूस ज्याची नोंद घ्यायची तो म्हणून उभा होता. यंत्र चालवणारा किंवा घडवणारा तो होऊ नये, याची तजवीज शाळेतच केली होती. 1953 चा बांटू शिक्षण कायदा ज्यांनी आणला, त्या फेरवूर्ट यांचे म्हणणे असे की, आफ्रिकन मुलाला गणित व्यवहारात वापरताच येणार नसेल तर ते शिकवून काय उपयोग? 1959 च्या कायद्याने गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे इतरांना जवळपास बंद झाले. हिंदी मुलांसाठी डरबनच्या सॅलिसबरी बेटावर, नौदलाच्या जुन्या बराकींत वेगळे कॉलेज निघाले. खाणींत तर 1911 पासूनच काही कुशल कामे गोऱ्यांसाठी राखीव होती. 1956 च्या कायद्याने तशी राखीव कामे इतर उद्योगांतही ठरवता येऊ लागली.

आज कोणी विचारते की, दक्षिण आफ्रिकेत काळे इंजिनीअर, काळे प्रोग्रामर इतके कमी का? याचे उत्तर गणिताच्या त्या वर्गात आहे. दोन-तीन पिढ्यांना गणित नाकारले की त्याची भरपाई एका निवडणुकीने होत नाही.

आधी कोणाचे सक्षमीकरण झाले?

काळ्यांच्या आर्थिक सक्षमीकरणाला विरोध करणारे नेहमी एक मुद्दा मांडतात. सरकारने धंद्यात जात किंवा वर्ण आणू नये, ज्याच्यात गुण असेल तो पुढे जाईल. हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो. पण त्या देशाचा इतिहास काही वेगळेच सांगतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डच वंशाचे आफ्रिकानर लोक इंग्रजांच्या तुलनेत गरीब होते. 1932 च्या कार्नेगी आयोगाच्या अहवालाने सुमारे तीन लाख 'गरीब गोऱ्यां'चा प्रश्न देशापुढे मांडला. त्याआधीच या समाजाने स्वतःच्या संस्था उभारायला सुरुवात केली होती. 1915 मध्ये नासियोनाले पर्स ही वृत्तपत्र कंपनी आणि 1918 मध्ये सानलाम ही विमा कंपनी निघाली. 1934 मध्ये फोल्क्सकास बँक आली. 1939 मध्ये ब्लूमफाँटेनला आर्थिक परिषद भरवून त्यांनी आपल्या समाजाच्या भांडवलाची दिशा ठरवली. पुढे सत्ता हाती आल्यावर सरकारी खाती फोल्क्सकासकडे वळली आणि सरकारी उद्योगांतल्या नोकऱ्या आफ्रिकानरांना मिळाल्या. हेही वांशिक आर्थिक सक्षमीकरणच होते. फरक इतकाच की, त्याची किंमत काळ्यांनी जमीन, मजुरी आणि शिक्षण गमावून मोजली.

यातल्या नासियोनाले पर्सची गोष्ट तंत्रज्ञानाशी थेट जोडलेली आहे. तिच्या 'दि बर्गर' या वृत्तपत्राचे पहिले संपादक डी. एफ. मलान पुढे 1948 मध्ये पंतप्रधान झाले आणि वर्णभेदाची राजवट त्यांच्यापासून सुरू झाली. वृत्तपत्रे आणि पाठ्यपुस्तकांवर ही कंपनी मोठी झाली, 1980 च्या दशकात तिने सशुल्क दूरचित्रवाणीत पाय रोवले. नंतर नॅस्पर्स या नावाने तिने 2001 मध्ये चीनच्या टेनसेंट या लहान कंपनीत सुमारे 3.2 कोटी डॉलर घालून 46.5 टक्के हिस्सा घेतला. त्या पैशाचे पुढे अब्जावधी डॉलर झाले. हा निर्णय धाडसी होता, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ते धाडस करण्याइतके भांडवल गाठीशी कसे जमले, हेही विचारले पाहिजे. 2015 मध्ये, कंपनीच्या शताब्दीत, तिच्या मीडिया24 या शाखेने वर्णभेदातल्या आपल्या भूमिकेबद्दल जाहीर माफी मागितली.

गुणपत्रिका

27 एप्रिल 1994 रोजी सर्वांना मताचा अधिकार मिळाला. राजकीय सत्ता बदलली, पण खाणी, बँका आणि टेलिफोन जुन्याच हातांत होते. पहिला मोठा सौदा खरे तर त्याआधी, 1993 मध्येच झाला होता. सानलामने मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीतला 10 टक्के हिस्सा डॉ. न्थाटो मोटलाना यांच्या गटाला विकला. 1996 मध्ये अँग्लो अमेरिकन या बलाढ्य खाणसमूहाने जॉनिक कंपनीतला आपला हिस्सा काळ्या गुंतवणूकदारांच्या संघाला विकला आणि सिरिल रामाफोसा तिचे अध्यक्ष झाले. या जॉनिकच्या पोटात एमटीएन या मोबाइल कंपनीची भागीदारी होती.

या सौद्यांत एक मोठी खोट होती. काळ्या खरेदीदारांकडे भांडवल नव्हते, म्हणून कर्ज काढून समभाग घेतले गेले. भाव चढले तर कर्ज फिटेल, असा हिशेब होता. 1998 मध्ये बाजार कोसळला आणि अनेक सौदे बुडाले. शिवाय जे तरले त्यांत तीच ती मोजकी नावे पुन्हा पुन्हा दिसू लागली.

म्हणून 2003 मध्ये 'व्यापक आधाराच्या' काळ्या सक्षमीकरणाचा कायदा आला. 2007 मध्ये त्याची नियमावली आली, तिला मी गुणपत्रिका म्हणतो. तेव्हा 100 गुणांपैकी मालकीला 20, व्यवस्थापनाला 10, नोकरीतल्या समतेला 15, प्रशिक्षणाला 15, काळ्या पुरवठादारांकडून खरेदीला 20, नव्या उद्योगांना मदतीला 15 आणि समाजकार्याला 5. हे गुण मिळवले नाहीत म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. पण सरकारी कंत्राट हवे असेल तर गुण लागतात. जी कंपनी सरकारला संगणक विकते ती आपल्या पुरवठादाराकडे गुण मागते, तो त्याच्या पुरवठादाराकडे. पहिल्या श्रेणीच्या पुरवठादाराकडून 100 रँडची खरेदी केली तर ती 135 रँडची धरली जाते. अशा रीतीने दबाव साखळीने खाली उतरतो. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रासाठी 2012 मध्ये वेगळी संहिता झाली आणि 2016 च्या सुधारित संहितेत काळ्या मालकीचे उद्दिष्ट 30 टक्के ठेवले गेले. इतर उद्योगांना ते साधारण 25 टक्के आहे.

काळा म्हणजे कोण?

कायद्यात 'काळे' या शब्दाची व्याख्या आहे, ती आपल्या वाचकांनी नीट पाहावी. त्यात आफ्रिकन, मिश्रवर्णीय आणि हिंदी असे तिन्ही येतात. अट अशी की ते जन्माने किंवा वंशाने नागरिक असावेत किंवा 27 एप्रिल 1994 पूर्वी त्यांनी नागरिकत्व घेतलेले असावे. 2008 मध्ये प्रिटोरियाच्या न्यायालयाने तिथल्या जुन्या चिनी नागरिकांनाही या लाभांच्या कक्षेत धरले.

ही व्याख्या आकाशातून पडलेली नाही. 1969 पासून स्टीव्ह बिको आणि त्यांच्या विद्यार्थी संघटनेने 'काळे' हे नाव सर्व दडपलेल्यांसाठी वापरायला सुरुवात केली होती. सरकार ज्यांना 'बिगर-गोरे' म्हणत होते, त्यांनी स्वतःसाठी स्वतःचे नाव निवडले.

कोकणातल्या वाचकाला यात आपली माणसे दिसतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे मुसलमान केपटाउनला गेले. तिथे आजही त्यांना 'कोकणी' म्हणतात. 1913 च्या कायद्याने नव्या हिंदी माणसाला तिथे जाणे जवळपास बंद झाले, त्यामुळे कित्येक घरे दोन किनाऱ्यांत विभागली गेली. 1950 नंतर वर्गीकरणाचा घोळ असा की, 1959 च्या फर्मानाने 'मिश्रवर्णीय' या रकान्यात केप मिश्रवर्णीय, मलाय, हिंदी, चिनी असे उपरकाने पाडले. एकाच मशिदीत खांद्याला खांदा लावून नमाज पढणारे मलाय आणि कोकणी कागदावर वेगळ्या जमातीचे ठरले. 11 फेब्रुवारी 1966 रोजी केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि साठ हजारांहून अधिक लोकांना तिथून हलवण्यात आले. घरे पाडली, मशिदी मात्र उभ्या राहिल्या. लोक लांबच्या वस्त्यांतून जुम्याला तिथे येत राहिले.

अशा कुटुंबातला मुलगा आज सॉफ्टवेअर कंपनी काढतो तेव्हा कायद्याने तो काळा मालक असतो. त्याच्या आजोबांचे घर गेले होते, तेव्हा हे योग्यच आहे. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रोजगार समता आयोगाच्या अलीकडच्या अहवालांत सर्वोच्च व्यवस्थापनात साठ टक्क्यांहून अधिक गोरेच आहेत, जरी श्रमशक्तीत त्यांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. हिंदी वंशाचे लोक श्रमशक्तीत तीन टक्क्यांच्या आत असून वरच्या पदांवर दहा टक्क्यांच्या पुढे आहेत. बहुसंख्य आफ्रिकन मात्र आपल्या संख्येच्या मानाने फार मागे आहेत. वर्णभेदाने सगळ्यांना सारखेच दडपले नव्हते, दडपण्याच्याही पायऱ्या होत्या. हिंदी शाळेत गणित होते, व्यापाराला थोडी जागा होती. म्हणून दार उघडले तेव्हा हिंदी माणूस दाराच्या जवळ उभा होता. सोवेटोतल्या आफ्रिकन मुलीने हे बोलून दाखवले तर त्याला आपल्या लोकांनी द्वेष म्हणू नये.

मालकी कशाची?

या धोरणाचे गैरवापर झाले आहेत. पहारेकरी किंवा चहा देणारी बाई कागदोपत्री संचालक दाखवायची आणि कंत्राट घ्यायचे, असे प्रकार घडले. आपल्याकडे त्याला बेनामी म्हणतात. 2013 च्या दुरुस्तीने हा गुन्हा ठरला आणि दहा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद झाली. सहारनपूरहून 1993 मध्ये जाऊन सहारा कॉम्प्युटर्स उभारणाऱ्या गुप्ता कुटुंबाने सत्तेशी कशी सलगी केली, त्याचा पंचनामा झोंडो आयोगाने केला आहे. या लबाड्या खऱ्या आहेत आणि त्यांचा सर्वांत मोठा तोटा गरीब आफ्रिकनांनाच झाला.

मला मात्र दोन घटना याहून महत्त्वाच्या वाटतात. त्यात लबाडीपेक्षा खोल प्रश्न आहे.

पहिली न्कोसाना मकाटे यांची. 2000 साली ते व्होडाकॉम कंपनीत शिकाऊ हिशेबनीस होते. त्यांची मैत्रीण फोर्ट हेअर विद्यापीठात शिकत होती आणि फोनमध्ये पैसे नसल्याने दोघांचे बोलणे होत नसे. आपल्याकडच्या 'मिस्ड कॉल'सारखीच ही अडचण. पैसे नसलेल्यालाही 'मला फोन कर' असा फुकट निरोप पाठवता यावा, ही कल्पना मकाटे यांनी कंपनीला दिली. 2001 मध्ये 'प्लीज कॉल मी' ही सेवा सुरू झाली आणि प्रचंड चालली. नंतर कंपनीच्या तत्कालीन प्रमुखांनी आपल्या आत्मचरित्रात कल्पनेचे श्रेय स्वतःकडे घेतले. मकाटे यांनी वर्षानुवर्षे कोर्टात झगडून 26 एप्रिल 2016 रोजी घटना न्यायालयाचा निकाल मिळवला की, कंपनी मोबदल्याच्या कराराला बांधील आहे. रकमेवरचा वाद त्यानंतरही चालूच राहिला. याच व्होडाकॉमने 2008 मध्ये काळ्या जनतेसाठी समभागांची योजना आणली होती. म्हणजे गुणपत्रिकेत मालकीचे गुण मिळत होते आणि आपल्याच काळ्या कर्मचाऱ्याची कल्पना मान्य करायला न्यायालय लागत होते.

दुसरी घटना इंटरनेटच्या दराची. 2016 मध्ये महागड्या डेटाविरुद्ध तिथल्या तरुणांनी आवाज उठवला. स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि डिसेंबर 2019 च्या अहवालात म्हटले की, लहान पॅक घेणाऱ्या गरिबाला प्रत्येक एमबीसाठी श्रीमंतापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. आयोगाने व्होडाकॉम आणि एमटीएन यांना मोठी दरकपात करायला सांगितले. समभागधारक काळे आणि लुटले जाणारे गिऱ्हाईकही काळे, असे चित्र असेल तर परिवर्तन कुठे अडले ते कळते.

2025 मध्ये हा प्रश्न जगभर गाजला. दूरसंचार परवान्यासाठी ऐतिहासिकदृष्ट्या वंचितांची 30 टक्के मालकी लागते. प्रिटोरियात जन्मलेल्या इलॉन मस्क यांनी म्हटले की, आपण काळे नसल्यामुळे स्टारलिंकला तिथे परवानगी नाही. यात अर्धेच सत्य आहे. परदेशी कंपनीला समभाग विकायचे नसतील तर त्याऐवजी प्रशिक्षण, संशोधन, लहान उद्योग यांत तितकी गुंतवणूक करण्याची वाट इतर क्षेत्रांत आधीपासून आहे. मायक्रोसॉफ्टने ती घेतली. ज्या आयबीएमच्या यंत्रांवर कधीकाळी लोकांचे वंश नोंदले गेले, त्याच कंपनीने 2015 मध्ये या वाटेने 70 कोटी रँड देण्याचे मान्य केले. मे 2025 मध्ये दूरसंचारमंत्री सॉली मलात्सी यांनी परवान्यांसाठीही हीच वाट मोकळी करण्याचा मसुदा काढला. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली की, एका अब्जाधीशासाठी कायदा वाकवला जातो आहे.

माझे मत असे आहे. लोकसंख्या नोंदणी कायदा 1991 मध्ये रद्द झाला, तरी नोकरीच्या अर्जासोबत लोक आजही तेच रकाने भरतात. फरक इतका की आता आपला रकाना ते स्वतः भरतात. काहींना हे खटकते. मला खटकत नाही, कारण अन्याय ज्या नावाने झाला त्या नावाची मोजदाद केल्याशिवाय भरपाई कोणाला द्यायची हे ठरत नाही. मोजणीच बंद करा, असा आग्रह धरणाऱ्यांना बहुधा अन्यायापेक्षा त्याचा हिशेब जास्त नकोसा असतो. तिथे असो की इथे.

पण मोजायचे काय, हा प्रश्न उरतोच. समभाग मोजणे सोपे आहे, म्हणून तीस वर्षे भर समभागांवर राहिला. गणित शिकलेली मुलगी, कल्पनेचा मोबदला मिळालेला कर्मचारी, परवडेल असा डेटा या गोष्टी गुणपत्रिकेत बसवणे कठीण जाते. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने घेतलेली गुंतवणुकीची वाट प्रामाणिकपणे वापरली गेली आणि तिचा पैसा सरकारी शाळेतल्या गणिताच्या वर्गापर्यंत पोहोचला, तर तीस टक्के समभागांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल असे मला वाटते. तो पोहोचतो की नाही, यावर मात्र तिथल्या जनतेला डोळ्यांत तेल घालून पहारा द्यावा लागेल. फेरवूर्ट यांना जे गणित काळ्या मुलांना शिकवायचे नव्हते, ते किती मुलांना नीट शिकवले गेले, हा आकडा दरवर्षी निकालासोबत समोर येतो. परिवर्तन किती झाले हे मोजायला मला तरी याहून चांगली पट्टी दिसत नाही.